चावी, चहा आणि लिस्बनच्या शेजारणी



लेकीकडे लिस्बनला मी आजवर तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा २०१६ साली तिच्या बाळंतपणाला, मग २०१९ मध्ये उन्हाळ्यात आणि शेवटची २०२३ च्या डिसेंबरात. आल्यावर भिशीत सगळ्याजणी विचारतात, काय काय पाहिलंत? बेलेंचा बुरूज पाहिला, वास्को द गामाची समाधी पाहिली, समुद्र पाहिला. पण सांगण्यासारखं जे आहे ते लेकीच्या इमारतीच्या जिन्यातच घडलं. ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पहिल्या खेपेला भाषेची फार धास्ती होती. लेक रुग्णालयात आणि मी एकटी स्वयंपाकघरात. जावई म्हणाले, "आई, तुम्हाला निम्मी पोर्तुगीज येते, घाबरू नका." मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांनी एक कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. काजू, अननस, पपई, कोबी, पाव, बादली, घमेलं, पिंप, फीत, इस्त्री, बंब. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले. ज्या बंबात आमच्या आजीनं जन्मभर पाणी तापवलं, तो बंबसुद्धा. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे मला दोन शब्दांची फार गंमत वाटली. 'पगार' म्हणजे त्यांच्याकडे 'पैसे चुकते करणे' आणि 'लिलाव' म्हणजे लिलावच. चार वर्षं वाणिज्य शिकले, पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या यादीत बटाटाही होता. शब्द आपल्या तोंडी आहे, पदार्थ आपल्या ताटात नाही! तिकडे मात्र सुपात बटाटा, भाजीत बटाटा, सोबतीला पुन्हा तळलेला बटाटा. म्हणून मी सगळ्यात आधी पाठ केलं ते 'सेंय बताता', म्हणजे बटाट्याशिवाय. पाठोपाठ कांद्याशिवाय, लसणाशिवाय, अंड्याशिवाय. त्यांच्या प्रसिद्ध कस्टर्डच्या टार्टमध्ये अंड्याचा बलक असतो, त्यामुळे त्याचा वासच घेतला फक्त. पण ज्या मिरचीशिवाय आपलं पान हलत नाही, तीही त्याच गलबतांतून आलेली आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या ताटात लाल मिरची नव्हती, मिरे होते. घरात नवं काय घ्यायचं आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे तेव्हाच्या बायकांनी कधी, कसं ठरवलं असेल? कोणी लिहून ठेवलेलं नाही.

जाता जाता सूर्यास्ताचंही सांगते, कारण सगळ्याजणी तेच विचारतात. जूनमध्ये तिकडे रात्री नऊला सूर्य मावळतो. आठ वाजता सुद्धा निवांत जेवता येतं, व्रताला काही बाधा नाही. डिसेंबरात मात्र सव्वापाचलाच अंधार. लेक ऑफिसातून यायची त्याआधी माझं ताट धुऊन झालेलं असायचं.

आता जिन्याकडे वळते.

तळमजल्यावर एक पोर्तुगीज आजी राहतात. मी त्यांना आजी म्हणते खरं, पण त्या माझ्याहून तेरा-चौदा वर्षांनीच मोठ्या. एकदा आमच्या फ्लॅटचं दार माझ्यामागे बंद झालं आणि किल्ली आत राहिली. मी जिन्यात उभी, हातात तान्ही नात. आजी बाहेर आल्या, काहीतरी विचारायला लागल्या. मला काही सुचेना, मी रडवेल्या आवाजात म्हणाले, "चावी, चावी!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, "शाव्!" लगेच मला घरात घेतलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "शा?" हा चहा हे मात्र मला न सांगता कळलं. तासाभरानं जावई आले, तोवर आम्ही दोघी हातवारे करून पोटभर बोललो होतो.

नंतर जावयांनी समजावलं की पोर्तुगीज लोक पूर्वी हा शब्द 'चाव्' असाच म्हणत. कालांतरानं त्यांच्या 'च'चा 'श' झाला, पण आपल्याकडे शब्द आला तो आधीच, त्यामुळे आपल्या चावीत त्यांचा जुना उच्चार तसाच राहिला आहे. सासरी गेलेल्या मुलीनं माहेरची जुनी रीत जपावी आणि माहेरी मात्र ती बदलून जावी, असं होतं ना कधी कधी, तसंच.

चहाच्या निमित्तानं आजींनी पुढे एक गोष्ट सांगितली. ब्रागांझाची कॅथरीन ही त्यांची राजकन्या. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं, १६६१ साली करार झाला आणि हुंड्यात मुंबई दिली गेली. हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण लंडनच्या दरबारात चहाची आवड रुजवली ती या सुनेनं, हे मला माहीत नव्हतं. तिला मूल झालं नाही, नवऱ्याची प्रकरणं साऱ्या दरबाराला ठाऊक, आणि तिचा धर्म वेगळा म्हणून तिच्यावर संशय. चार्ल्स गेल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये तिथेच वारली. जी मुंबई तिच्या नावानं दिली घेतली, ती तिनं कधी डोळ्यांनी पाहिली नाही. आणि राजानं तरी काय केलं? १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं ती कंपनीला देऊन टाकली. आजही हुंड्यातलं सामान कुठे जातं हे मुलीला कळत नाही, तेव्हा राजकन्येचंही तेच झालं म्हणायचं.

तिसऱ्या मजल्यावर बेन राहतात. माझी त्यांची ओळख २०१९ मध्ये झाली, लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरात. लिस्बनमधल्या हिंदूंचं हे मोठं मंदिर आहे. मी सहज म्हणून गेले आणि तिथे कळलं की ज्यांच्याशी गुजरातीत बोलते आहे, त्या आमच्याच जिन्यात राहतात! लेकीला घरी आलेलं कोण हेच माहीत नसतं, शेजारी कोण हे कुठून असणार.

बेन मूळच्या दीवच्या, पण त्यांचा जन्म आफ्रिकेतला, मोझांबिकमधला. आजच्या मापुटो शहराला तेव्हा लोरेंसु मार्केस म्हणत. घरात गुजराती, शाळेत पोर्तुगीज, आणि कामाला येणाऱ्या बाईशी तिथली भाषा. मुलांशी त्या पोर्तुगीजमध्येच बोलतात. रागावल्या की मात्र गुजराती.

दीव आणि मोझांबिकचा हा धागा फार जुना आहे. १६८६ साली गोव्याच्या व्हाइसरॉयनं दीवच्या व्यापाऱ्यांच्या एका कंपनीला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता दिला. त्या कंपनीचं पोर्तुगीज नाव 'माझानेस'. ऐकताच ओळखीचं वाटतं ना? आपला 'महाजन'च तो. हे सारे वाणी. त्यांत वैष्णव होते, तसे जैनही होते. इथून कापड जायचं आणि तिकडून मुख्यतः हस्तिदंत यायचा. पुरुष वर्षानुवर्षं तिकडे, बायका-मुलं दीवलाच.

हस्तिदंत म्हटल्यावर मी थबकले. तो कशाला लागायचा? बांगड्यांना. गुजरात-सौराष्ट्रात लग्नात नवरीला हस्तिदंती चुडा घालायची चाल होती आणि नवरा गेला की तो फोडायचा. म्हणजे मागणी कधी संपायची नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरांतल्या पेढ्यांवर हत्तीच्या सुळ्यांचे हिशेब लिहिले जात होते. त्याच मार्गावर माणसंही विकली जात होती आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचा पैसा त्यातही होता. आपण आपल्या व्यापारी पूर्वजांच्या दानशूरपणाच्या, मंदिरांच्या गोष्टी आवडीनं सांगतो, आणि सांगाव्यातही. पण खातेवहीला दोन बाजू असतात. जमेची बाजू तेवढी वाचून पान उलटायचं, हे मला हिशेबनीस म्हणून पटत नाही आणि जैन म्हणूनही नाही. बेनना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या घरी चुडा होता. बाच्या बाचा. मोझांबिक सोडताना राहिला." आणि विषय बदलला.

नंतरच्या काळात दीवहून गवंडीकाम करणारेही मोठ्या संख्येनं तिकडे गेले. बेनचे आजोबा त्यांतले. वडिलांनी पुढे किराण्याचं दुकान घातलं.

आता जे सांगायचं आहे ते डिसेंबर १९६१ चं.

आपल्याला तो महिना गोवामुक्तीचा. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोवा, दमण आणि दीवमध्ये शिरलं, १९ ला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. मी तेव्हा दोन-अडीच वर्षांची, पण आमच्या सांगलीत पेढे वाटले गेले असं आई सांगायची. सांगलीला त्याचं विशेष कारण होतं. गोव्याच्या लढ्यातले मोहन रानडे मूळचे सांगलीचे. खरं नाव मनोहर आपटे. शिक्षक म्हणून गोव्यात गेले, सशस्त्र लढ्यात उतरले आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात. गोवा मुक्त झाला, इकडे मिरवणुका निघाल्या, आणि हा माणूस मात्र तिकडेच राहिला. दोन्ही देशांचे संबंध तुटलेले, मागायचं कोणी आणि कोणाकडे? सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी अपार खटपट केली. शेवटी जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. गोवा स्वतंत्र झाल्यावर सात वर्षांनी!

लिस्बनहून कास्काइशला समुद्राकाठानं लोकल जाते. मधे काशियस नावाचं स्टेशन लागतं. २०१९ मध्ये आम्ही किनारा पाहायला निघालो होतो, स्टेशनची पाटी दिसली आणि मी नातीला घट्ट धरून हात जोडले. डब्यातल्या लोकांना वाटलं असेल, ही बाई समुद्राला नमस्कार करतेय. 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीजच आहे, हे त्या दिवशी जावयांनी सांगितलं. त्यांना वेळकाळ कळत नाही.

तर, २०२३ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी बेनकडे बसले होते. मी ओघात म्हणाले की उद्या-परवा गोव्याचा मुक्तिदिन. बेन काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन एक पाकीट घेऊन आल्या. त्यावर नैरोबीचा शिक्का.

हे पत्र त्यांच्या फईचं. फईचं लग्न पोरबंदरकडच्या माणसाशी झालेलं आणि तोही लोरेंसु मार्केसमध्येच दुकान चालवायचा. दोन्ही घरं एका रस्त्यावर, सणवार एकत्र. फरक फक्त एका कागदाचा. बेनचे वडील दीवचे, म्हणून पोर्तुगीज नागरिक. फईचे यजमान भारतीय नागरिक. गोवा पडल्याची बातमी आली आणि मोझांबिकमधल्या पोर्तुगीज सरकारनं तिथल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं. दुकानं, बँकेतली खाती, सगळं गोठवलं. पुढच्या वर्षी त्यांना देश सोडायला लावला. अकरा वर्षांच्या बेन आईबरोबर छावणीच्या फाटकावर डबा द्यायला जायच्या. फईची मुलगी त्यांच्याच वयाची, वर्गात शेजारी बसणारी. फाटकाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

फईचं कुटुंब बोटीनं मुंबईला उतरलं. ज्या देशाचं म्हणून त्यांना हाकललं, तो देश मुलांनी पाहिलेलाच नव्हता. आणि दीवमध्ये राहिलेले बेनचे आजोबा रातोरात भारतीय झाले. मुलगा पोर्तुगीज, बाप भारतीय, मधे पत्र जायचा रस्ता नाही. म्हणून नैरोबीच्या एका नातेवाइकाला पत्र पाठवायचं, त्यानं नव्या पाकिटात घालून पुढे धाडायचं. आजोबा वारल्याचं बेनच्या वडिलांना महिन्याहून अधिक काळ कळलं नाही.

मी विचारलं, मग कधी भेटलात? बेन म्हणाल्या, बावीस वर्षांनी. २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दोन्ही देशांत करार झाला, पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि संबंध पुन्हा जुळले. पण जून १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झालं, पाठोपाठ तिथे यादवी पेटली, आणि आता बेनच्या घरावर निघायची वेळ आली. जो पोर्तुगीज कागद १९६१ मध्ये त्यांना मोझांबिकमध्ये ठेवून गेला, तोच त्यांना लिस्बनला घेऊन आला. दोन बॅगा आणि कधीही न पाहिलेला 'मायदेश'. फईला भेटायला भारतात जाता आलं ते १९८३ मध्ये. बहिणी बहिणी भेटल्या तेव्हा फईची मुलगी पोर्तुगीज पार विसरली होती. बेन म्हणाल्या, "अमे गुजरातीमां रड्या." आम्ही गुजरातीत रडलो.

दुसऱ्या दिवशी मी तळमजल्याच्या आजींकडे चिक्की घेऊन गेले. लेक बरोबर होती म्हणून बोलता आलं. मन भरलेलं होतं, मी बेनची गोष्ट सांगून बसले. सांगायला नको होती कदाचित. आजी ऐकत राहिल्या आणि मग भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवलं. गणवेशातला तरुण. त्यांचा थोरला भाऊ. १९६१ च्या डिसेंबरात तो गोव्यात शिपाई होता.

सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. ते शक्य नव्हतं आणि वासालु इ सिल्वांनी ते केलं नाही. नाही तर पणजीचं काय झालं असतं, विचार करा. तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक भारतात युद्धकैदी झाले. सालाझारनं त्यांना परत आणायची घाई केली नाही, ते मे १९६२ मध्ये सुटले. आजींची आई लिस्बनच्या बंदरावर पहाटेपासून उभी होती. पण धक्क्यावर लष्करी पोलीस होते आणि घरच्यांना लगेच भेटू दिलं नाही. जिवंत परत आले हाच त्यांचा गुन्हा! त्यांच्या गव्हर्नर जनरलना तर लष्करातून काढून टाकलं, त्यांचा मान परत मिळाला तो हुकूमशाही गेल्यावरच. आजींचा भाऊ गोव्याविषयी मरेपर्यंत बोलला नाही. फक्त घरात कधी डाळीचं सूप झालं की उठून जायचा. कैदेत रोज डाळभात.

माझ्यासाठी गोवा म्हणजे पेढे आणि मोहन रानडे. आजही तेच आहे, त्यात काही बदल नाही. साडेचारशे वर्षं दुसऱ्याच्या घरात बसलेल्यानं उठायलाच हवं होतं. पण त्या खोलीत बसल्यावर त्या पोराच्या फोटोकडे मला नीट पाहवेना.

मला राहून राहून नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बेन आणि आजी एका जिन्यात तीस वर्षं राहताहेत. एकमेकींच्या घरच्या मयताला गेल्या आहेत. नाताळला केक वर जातो, दिवाळीला फरसाण खाली येतं. भाषाही एकच. तरी या महिन्याबद्दल एक अक्षर कधी निघालं नव्हतं. आणि मी, जिला 'सेंय बताता'पलीकडे धड वाक्य येत नाही, मला दोघींनी सांगितलं. परक्याला सांगणं सोपं जातं बहुतेक.

एकोणीस तारखेला दुपारी चारला मी दोघींना आमच्याकडे चहाला बोलावलं. चार यासाठी की पाचनंतर मला काही घेता येत नाही. कच्च्या केळ्याचे वेफर, खाकरा, शंकरपाळे केले. मी तर ठरवूनच ठेवलं होतं की विषय काढायचा नाही. आजींनीच काढला. बेनना त्या पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाल्या, बेन उत्तरल्या, मग बराच वेळ दोघी बोलत राहिल्या. लेकीला मी खुणेनं विचारलं तर ती म्हणाली, "नंतर सांगते, आई." मी आपली चहा ओतत राहिले. नंतर तिनं फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की दोघी फाटकाबद्दल बोलत होत्या. छावणीच्या आणि बंदराच्या.

त्या खेपेला लेकीच्या टेबलावर एक अर्ज पडलेला होता. पोर्तुगीज नागरिकत्वाचा. मुदत पूर्ण झाली होती, जावयांचं म्हणणं भरून टाकू. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की इकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. मग परदेशस्थ भारतीयाचं कार्ड मिळतं, येता-जाता येतं, पण मत देता येत नाही. लेकीनं आधी मला विचारलं होतं, तुझं काय मत? मी म्हणाले होते, कागदच तर आहे, सोयीचं असेल ते कर. बेनचं पाकीट पाहिल्यावर मला तसं म्हणवेना. नको असंही म्हणवेना, कारण ज्या कागदानं बेनची फई तोडली, त्याच कागदानं बेनला छप्परही दिलं. रात्री दोघी उशिरापर्यंत बोललो. तिनं विचारलं, "आई, तू असतीस तर?" मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

मी निघाले त्या दिवशी आजी आणि बेन दोघी खाली सोडायला आल्या. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं, घराची जादा किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिलीय. काच खाली करून मी ओरडले आणि सात वर्षांची नात धावत आली. आजींना ऐकू जावं म्हणून तिनं मागे वळून मोठ्यानं सांगितलं, "चावी!" आणि आजींनी मान हलवली.

अर्ज अजून भरलेला नाही. परवा फोनवर मी विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. बेनना गुढघ्याचा त्रास वाढलाय एवढं म्हणाली, आणि केळ्याच्या वेफरची कृती पुन्हा विचारत होती. आजींना हव्या आहेत म्हणे, बटाट्याशिवाय.